बीएस्सीच्या पोरांना बायोइन्फॉरमॅटिक्स शिकवायला सुरुवात कुठून करायची?

सातपुड्याची_मॅडम
नमस्कार मंडळी. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बायोटेक शिकवते, यंदा टीवायचा बायोइन्फॉरमॅटिक्सचा (डीएनए-प्रोटीनची माहिती कॉम्प्युटरवर तपासायचा) पेपर माझ्याकडे आलाय. माझं एमेस्सी बॉटनीतलं, त्यामुळे मी पण शिकत शिकतच शिकवणार. लॅबमध्ये चालू पीसी ११, पोरं ३४, आणि नेट दुपारी गेलं की गेलंच. मागच्या वर्षीची जर्नल्स बघितली तर सगळ्यांत ब्लास्टचा, म्हणजे डीएनए-प्रोटीनच्या अक्षरांची ओळ (सीक्वेन्स) डेटाबेसमध्ये शोधणाऱ्या प्रोग्रॅमचा, तोच एक स्क्रीनशॉट चिकटवलेला, तोंडीला विचारलं ई-व्हॅल्यू म्हणजे काय तर "मॅडम, कमी आली की चांगली" एवढंच. पोरं हुशार आहेत हो, बरीचशी घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली, बारावीपर्यंत गणित सोडलेली, पण समजलं की सोडत नाहीत. सिलॅबस डेटाबेसच्या यादीपासून सुरू होतो आणि तिथेच त्यांचा रस जातो असं मला वाटतं. तुम्ही कुठून सुरू करता?

चौकटीची_वही
मॅडम, पहिले दोन आठवडे पीसी लावूच नका. मी बरीच वर्षं हा पेपर घेतोय, अलाइनमेंट, म्हणजे दोन सीक्वेन्स एकाखाली एक जुळवणं, आधी चौकटीच्या वहीवर करून घेतो आणि तीही मराठी शब्दांवर. फळ्यावर "करवत" लिहायचं, खाली "करत". जुळलं तर +१, नाही जुळलं तर -१, गॅपला (रिकाम्या सोडलेल्या जागेला) -२. सरळ एकाखाली एक ठेवलं तर क आणि र जुळतात, व च्या खाली त येतो, वरचा शेवटचा त एकटा पडतो, बेरीज -१. आता व च्या खाली गॅप सोडा, क र त तिन्ही जुळतात, बेरीज +१. गॅप का सोडायची आणि तिची किंमत का मोजायची हे मुलांना तिथल्या तिथे कळतं, मग असे सगळे पर्याय मोजणारा तक्ता भरणं म्हणजे नीडलमन-वुन्शची पद्धत, १९७० ची. फक्त सगळ्यात चांगला जुळणारा तुकडा शोधणारं १९८१ चं स्मिथ-वॉटरमन त्याच तक्त्यात बसतं, फक्त आकडा शून्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही. दोन-तीन तक्ते हाताने भरून हात दुखले की मगच सांगा, डेटाबेसमधल्या प्रत्येक सीक्वेन्सशी असा तक्ता भरायचा तर किती वेळ जाईल, म्हणून १९९० ला ब्लास्ट आलं, ते आधी छोटे जुळणारे तुकडे शोधतं आणि तिथून दोन्हीकडे वाढवत नेतं.

पुण्यात_एमेस्सी
सरांचं पटलं पण दोन आठवडे जास्त होतात सर, आमचं पूर्ण सेमिस्टर कागदावरच गेलं होतं आणि इथे आल्यावर काळी स्क्रीन बघून रडू यायचं, कमांड म्हणजे काय हेच कुणी दाखवलं नव्हतं. मॅडम, नेटवर अवलंबून राहू नका. ब्लास्ट प्लस (आपल्याच पीसीवर चालणारं ब्लास्ट) एनसीबीआय या अमेरिकी सरकारी संस्थेच्या साइटवरून फुकट मिळतं, घरून डाउनलोड करून पेनड्राइव्हवर न्या. ई. कोलाय या बॅक्टेरियाचा अख्खा जीनोम (सगळा डीएनए) ४६ लाख बेसचा, म्हणजे अक्षरांचा, आहे पण फाइल ५ एमबीच्या आतच बसते, तिचा डेटाबेस एका ओळीच्या कमांडने होतो. आणि ई-व्हॅल्यू तिथेच शिकवा ना! एकच क्वेरी (शोधायचा सीक्वेन्स) आधी छोट्या डेटाबेसवर चालवा, मग चार-पाच जीनोम एकत्र करून चालवा. हिट (सापडलेली जुळणी) तोच, स्कोअर तोच, पण ई-व्हॅल्यू वाढलेली दिसते, कारण एवढा स्कोअर निव्वळ योगायोगाने किती वेळा आला असता याचा तो अंदाज आहे आणि डेटाबेस म्हणजे गवताची गंजी, ती मोठी झाली की योगायोगही वाढतात. हे डोळ्यांनी बघितलेलं पोरगं "कमी आली की चांगली" म्हणून थांबणार नाही.

हिमोग्लोबिन११
तुम्ही नंदुरबारला आहात तर उदाहरण दारातच आहे, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. तुमच्या मुलांनी तपासणीची शिबिरं पाहिलेली असणार. ११ व्या क्रोमोझोमवरचा, हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणारा एचबीबी जीन घ्या, त्याचा कोडिंग भाग (ज्यावरून प्रोटीन बनतं तो) फक्त ४४४ बेसचा, छापून एका पानावर बसतो. मुलांना कोडॉनच्या (तीन-तीन अक्षरांच्या) तक्त्यावरून हाताने प्रोटीनमध्ये भाषांतर करू दे, मग जीएजी चं जीटीजी झालं की ग्लुटामिक अ‍ॅसिडच्या जागी व्हॅलिन येतं हे त्यांनाच सापडू दे. शिवाय एक अक्षर बदलल्यामुळे तिथली डीडीई-वन या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमची कापायची जागा पण जाते, म्हणजे जेलवर (जिथे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात) काय दिसेल तेही विचारता येतं. फक्त एक काळजी घ्या, वर्गात कुणाच्या घरी आहे असं विचारू नका, मुलींच्या लग्नापर्यंत गोष्टी जातात.

सीएसव्ही_काका
अजून एक, जीनची नावं एक्सेलमध्ये उघडू देऊ नका. मार्च-वन, सेप्ट-टू अशा नावांच्या तारखा होतात, शेवटी २०२० मध्ये त्या जीन्सची नावंच बदलावी लागली.

सातपुड्याची_मॅडम
सगळ्यांचे मनापासून आभार, आणि झालं ते सांगते. एक आठवडा वही, दुसऱ्या आठवड्यात एचबीबीचं पान. कुणाच्या घरचं काही विचारलं नाही. दोघादोघांनी भाषांतर केलं, कधी एवढा शांत वर्ग पाहिला नव्हता. मागच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी तोंड उघडत नाही, उठून म्हणाला, "मॅडम, पुस्तकात सहावं अमिनो अ‍ॅसिड लिहिलंय, माझं सातवं येतंय, मी तीनदा मोजलं." मला पटकन उत्तर देता आलं नाही, उद्या सांगते म्हटलं. तो बरोबर आहे ना?

हिमोग्लोबिन११
एकदम बरोबर आहे. एटीजी (सुरुवातीचा कोडॉन) पासून मोजलं तर सातवं. पण सुरुवातीचं मिथिओनिन पेशीत कापलं जातं, तयार प्रोटीन व्हॅलिनपासून सुरू होतं, म्हणून जुन्या मोजणीत सहावं. दोन्ही आकडे आजही छापून येतात. उद्या त्यालाच फळ्यावर बोलवा, मोजून दाखवू दे.