मदत हवी आहे : तमिळ पाट्टींना झिम्मा शिकवायचाय

नमस्कार मंडळी, मी सिंगापूरला शिकते. यंदाच्या पोंगलला वर्गातल्या तमिळ मैत्रिणीने घरी नेलं. दारात पाऊल टाकताच तिच्या पाट्टींनी (म्हणजे आजीने) विचारलं, "साप्टियाम्मा?" जेवलीस का गं! केळीच्या पानावर भात, सांबार, पायसम. पान आपल्याकडे दुमडलं की पोट भरलं, हेही त्यांनीच शिकवलं. घरापासून इतक्या लांब असं आग्रहाने कुणी वाढलं की डोळे भरून येतात.

मग बायकांनी कुम्मी धरली. वाद्य एकही नाही, गोल फेर, कमरेत वाकून टाळी, पुन्हा सरळ होऊन टाळी, आणि ताल फक्त टाळ्यांचा नि गाण्याचा. मला थेट मंगळागौर आठवली. म्हटलं, आमच्याकडे झिम्मा असतो. पाट्टी म्हणाल्या, "पुढच्या खेपेला दाखव."

आता अडचण अशी, की मला दोनच ओळी येतात. झिम्म्याची सोपी, अर्थ सांगता येतील अशी गाणी कुणी लिहून द्याल का? टाळीचा क्रमही सांगा. आणि सोबत खायला काय नेऊ? पुरणपोळी त्यांच्याकडेही होते, 'पोळी'च म्हणतात. हॉस्टेलच्या एका शेगडीवर जमेल असं अस्सल आपलं काहीतरी सुचवा. घर शाकाहारी आहे.