प्रबंधाचं भिजत घोंगडं : लिखाण पुढे ढकलणं थांबवायचं कसं?

तुरीची_शेंग

समाजशास्त्रात अर्धवेळ पीएचडी, कॉलेजातली नोकरी सांभाळून. विषय : बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांचं शिक्षण. 62 मुलाखती झाल्यात, त्यातल्या 40 ऐकून उतरवून काढल्यात. सहा प्रकरणांपैकी प्रस्तावना आणि पूर्वसंशोधनाचा आढावा ही दोन मार्गदर्शकांनी तपासून दिली आहेत. उरलेली चार सुरूच होत नाहीत. मुदतीला 14 महिने राहिलेत.

रोज रात्री नऊला फाइल उघडते. एखादा संदर्भ शोधायचा, तळटिपा सरळ करायच्या, की अकरा वाजतात. रविवार मोकळा ठेवला तर कपाट आवरून होतं. वेळापत्रक भिंतीवर लावून झालं, ॲप टाकून झालं. असं का होतं आणि मोडायचं कसं, दोन्ही सांगा. "मनावर घ्या" हे सोडून काहीही चालेल.

मधली_सुट्टी

आळशी माणूस रविवारी कपाट आवरत नाही, लोळतो. तुम्ही कामं करताय, नेमकं तेवढं एक सोडून. म्हणून गजर, वेळापत्रक, ॲप यांचा उपयोग झाला नाही. ती वेळेची औषधं आहेत आणि दुखणं वेळेचं नाही.

चालढकलीत माणूस काम टाळतो त्याहून जास्त त्या कामाजवळ गेल्यावर पोटात येणारा गोळा टाळतो. फ्यूशिया सिरॉय आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी 2013 साली हेच मांडलं : आत्ताची मनःस्थिती सावरायची आणि बिल पुढच्या महिन्यातल्या स्वतःच्या नावावर फाडायचं. तळटिपांकडे वळलं की लगेच हायसं वाटतं. ते हायसं वाटणं हेच बक्षीस, आणि ज्याचं बक्षीस मिळतं ते आपण पुन्हा करतो. सवय अशी घट्ट होते.

लिखाणात हे सगळ्यात जास्त. सॉलोमन आणि रॉथब्लम यांनी 1984 साली अमेरिकन विद्यार्थ्यांची पाहणी केली. परीक्षेचा अभ्यास नेहमी किंवा जवळपास नेहमी पुढे ढकलतो म्हणणारे सुमारे 28 टक्के निघाले, सत्राचा लेखी निबंध ढकलणारे 46 टक्के. वाचताना पान संपलं हे कळतं तरी. लिहिताना "झालं" हे ठरवायचं कोणी?

तुमची पहिली दोन प्रकरणं झाली यात नवल नाही, तिथे दुसऱ्यांचं म्हणणं मांडायचं होतं. तिसऱ्यापासून स्वतःचं म्हणणं सुरू होतं, आणि ते मार्गदर्शकांपुढे, मग परीक्षकांपुढे जाणार. घोडं अडलंय ते तिथे.

एक गोष्ट आजपासून बंद करा : "काल झालं नाही, आज दुप्पट." दुप्पट ओझं म्हणजे दुप्पट गोळा, म्हणजे उद्या पुन्हा कपाट. कॅनडात ओटावाच्या कार्लटन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर झालेला अभ्यास आहे (2010). पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांची दुसऱ्या परीक्षेआधीची चालढकल कमी झाली. कालचा दिवस बुडीत खात्यात टाका आणि आज तेवढंच करा जेवढं कालही करायचं होतं.

तळटीप

कारणं वर आलीच आहेत, मी थेट फाइलकडे येतो.

फाइलमध्ये वर "प्रकरण तिसरे : माहितीचे विश्लेषण" आणि खाली लुकलुकणारा कर्सर असणार. हे कामाचं नाव नाही, गोदामाची पाटी आहे. गोदाम रात्री नऊला कोण आवरायला घेईल? ती पाटी झाका आणि खाली असे प्रश्न टाका ज्यांचं उत्तर मुलाखतींत आहे :

टोळी निघताना मूल सोबत न्यायचं की मागे ठेवायचं, हे ठरतं कशावर? घरात सांभाळणारं कोणी आहे यावर, की उचल (आगाऊ रक्कम) घेतल्यामुळे नवरा-बायको दोघांनी मिळून कोयता (तोडणीची जोडी) पुरा करायचाय यावर?

मागे राहिलेली मुलं कुणाजवळ राहतात? हंगामी वसतिगृहात किती, आजीजवळ किती?

फडावर (उसाच्या शेतावर) जाऊन आलेलं मूल परत कोणत्या वर्गात बसतं, आणि मधल्या चार-पाच महिन्यांचं काय होतं?

थोरलं भावंड मुलगी असेल तर काय बदलतं?

एका प्रश्नाला 300 ते 400 शब्द. असे वीस-पंचवीस प्रश्न झाले की कच्चं प्रकरण हातात येतं, वर शीर्षक काय द्यायचं ते मागाहून बघू.

बसल्यावर एकच प्रश्न घ्या. त्याच्याशी जुळणाऱ्या तीन मुलाखती एकदा नजरेखालून घाला आणि बंद करा. मग न बघता उत्तर लिहा, शेजारच्या विभागातल्या सहकाऱ्याला सांगताय अशा भाषेत. "प्रस्तुत संशोधिकेच्या निदर्शनास आले" वगैरे नंतर चढवता येतं, आणि खरं तर नाही चढवलं तरी चालतं. अवतरणं सगळ्यात शेवटी, मुलाखत पुन्हा उघडून.

लिहिताना अडेल तिथे क्षक्ष टाका आणि पुढे जा. "2019 च्या हंगामात क्षक्ष मुलं", "क्षक्ष यांनी हाच मुद्दा मांडला आहे". हे जोडाक्षर असं दोनदा मराठी शब्दात सहसा येत नाही, त्यामुळे नंतर कंट्रोल एफ मारलं की सगळ्या रिकाम्या जागा एका फटक्यात सापडतात. त्या भरायला आठवड्यातून एक वेगळी बैठक. लिहिताना ब्राउझर उघडायचाच नाही. संदर्भ शोधणं ही सगळ्यात सभ्य चालढकल आहे, तिच्याबद्दल कुणी रागवत नाही.

उठताना परिच्छेद संपवू नका. पुढचं वाक्य अर्धं लिहून सोडा : "मात्र ज्या कुटुंबांत आजी होती तिथे". दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाऐवजी अर्धं वाक्य समोर येतं आणि ते पुरं करायला हात आपोआप जातो.

उरलेल्या 22 मुलाखतींचा सापळाही ओळखा. एका तासाचं ध्वनिमुद्रण शब्दन्‌शब्द उतरवायला चार ते सहा तास लागतात. मुलाखत सरासरी पाऊण तासाची धरली तर 22 च्या साडेसोळा तासांना 66 ते 99 तास. रोज दीड तास दिला तर दीड ते सव्वादोन महिने, एकही सुट्टी न घेता. "आधी सगळं उतरवते, मग लिहिते" म्हणजे नमनालाच घडाभर तेल. आत्ता 40 वर लिहायला घ्या. बाकीच्या ऐकताना मिनिट-सेकंदांसकट टिपणं काढा आणि जे अवतरण म्हणून लागेल तेवढंच उतरवा. फक्त हे मार्गदर्शकांना आधी विचारा, आणि संशोधनपद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट नमूद करा.

कोष्टक

थोडा हिशोब. चार प्रकरणं, प्रत्येकी 35 पानं धरू, म्हणजे 140. मराठीत 14 पॉइंट आणि दीडपट ओळ-अंतर ठेवलं तर पानाला सुमारे 250 शब्द. एकूण 35,000. दिवसाला 300 कच्चे शब्द, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे 1,500. साधारण 23 आठवडे.

आता हा आकडा खरा मानू नका. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांच्या 1994 च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला पदवीचा प्रबंध सरासरी 33.9 दिवसांत होईल म्हटलं, लागले 55.5. "सगळं बिघडलं तर किती?" असं विचारल्यावर त्यांनी दिलेलं उत्तरही 48.6 होतं, म्हणजे निराशावादी अंदाजसुद्धा कमी पडला. तेव्हा 1.6 ने गुणा : 37 आठवडे, साडेआठ महिने. 14 मधून वजा जाता साडेपाच उरतात. त्यात मार्गदर्शकांचं वाचन, दुरुस्त्या, साम्य-तपासणी, सादरीकरण, छपाई. बसतं. पण आजपासून बसतं, जूनपासून नाही.

मुदतीची खात्री करून घ्या. युजीसीच्या 2022 च्या नियमांत पीएचडीला जास्तीत जास्त सहा वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि महिलांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. तुमची नोंदणी कोणत्या नियमांखाली झाली ते विद्यापीठाच्या पीएचडी विभागात विचारा. मात्र मुदतवाढ आहे म्हणून हिशोब सैल करू नका. लांबची तारीख मन हलवत नाही. मानसशास्त्रज्ञ पियर्स स्टील यांच्या चालढकलीच्या सूत्रात फळ जितकं लांब तितका जोर कमी, विलंब सरळ छेदात बसतो. चौदा महिन्यांवरच्या तारखेला आज रात्री काडीची किंमत नसते.

म्हणून तारीख जवळ आणा, आणि ती दुसऱ्या माणसाच्या हातात द्या. "प्रकरण पूर्ण झालं की दाखवते" हे वाक्य घातक आहे. जितके महिने दडवून ठेवाल तितकं ते उत्तम असायला हवं असं वाटत जातं. त्याऐवजी आजच मार्गदर्शकांना लिहा :

"मॅडम, दर दुसऱ्या शुक्रवारी मी दोन ते चार कच्ची पानं पाठवीन. त्यांत रिकाम्या जागा असतील. भाषा तपासू नका, फक्त मुद्दा पटतो का एवढं एका ओळीत कळवा. पानं आली नाहीत तर कृपया सोमवारी मला विचारा."

शेवटचं वाक्य गाळू नका, सगळी मदार त्यावर आहे. त्यांना वेळ नसेल तर दुसरा संशोधक विद्यार्थी गाठा, अदलाबदलीने. आणि शुक्रवारी जे असेल ते जाऊ द्या, अर्धं पान असलं तरी.

टाइमपास_विरोधी

ॲपबद्दल. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी हा प्रकार इटलीच्या फ्रान्सेस्को चिरिलो यांनी 1980 च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या टायमरवर सुरू केला. उत्तरपत्रिका तपासायला झकास. विश्लेषण लिहायला माझ्या मते आखूड. मुद्दा हातात यायलाच पंधरा मिनिटं जातात, आणि पकड बसते न बसते तोच घंटा. पंचवीस मिनिटं फक्त बसायला लावण्यापुरती वापरा. घंटा वाजल्यावर हात चालत असेल तर वाजू द्या, पन्नासपर्यंत जा, मग सक्तीने उठा.

आणि "रोज रात्री नऊला" हा बेत नव्हे, इच्छा झाली. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉल्विट्झर यांची जर-तर पद्धत वापरा, 2006 मध्ये 94 चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात तिचा बऱ्यापैकी परिणाम दिसला होता. वेळेऐवजी न चुकता घडणारी एखादी घटना पकडायची आणि तिला हाताची एकच कृती बांधायची : "जेवणाची भांडी घासून ओटा पुसला की फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावून मी कालचं अर्धं वाक्य पुरं करीन." दुसरं वाक्य अडथळ्यासाठी : "तळटीप दुरुस्त करावीशी वाटली तर क्षक्ष टाकून पुढची ओळ लिहीन." दोन पुरेत. दहा केलीत की एकही आठवत नाही.

अवांतर : जुन्या मुलाखती श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टात) टाइप झालेल्या असतील तर युनिकोडमध्ये आणण्याचं काम लिखाणाच्या वेळेत घेऊ नका. रफार आणि "ऱ्य" हमखास बिघडतात आणि ते निस्तरण्यात आठवडा जातो.

ओवा

एक फाटा राहिला. वर सगळे जे सांगताहेत ते एखादं काम अडलं असेल तर. विजेचं बिल, डॉक्टरची वेळ, पत्राला उत्तर, सगळंच लहानपणापासून असं होत असेल तर एडीएचडी (लक्ष टिकवायला अवघड जाणारी अवस्था) आहे का ते मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासून घ्यावं. त्याची लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असतात. आणि गेले काही आठवडे झोप, भूक बिघडली असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर तेही नुसती चालढकल म्हणून सोडू नये. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

तुरीची_शेंग

सगळ्यांचे आभार. बाकी कामं वेळेत होतात, हे एकच अडलंय. मॅडमना निरोप पाठवला. दोन शंका. दिवाळीची सुट्टी जवळपास तीन आठवडे आहे, तेव्हा एक अख्खं प्रकरण हातावेगळं करावं का? आणि रात्री डोकं खरंच चालत नाही, पण सकाळी सातला घर सोडावं लागतं.

तळटीप

दिवाळीच्या भरवशावर प्रकरण ठेवलंत की आत्तापासून तोवरचे सगळे दिवस आपोआप माफ होतात. सुट्टीत रोजचा कोटा दुप्पट करा, 600 शब्द, त्याहून जास्त नाही, आणि फराळ-पाहुण्यांचे पाच दिवस आधीच वगळा. आठवड्याच्या बैठकीत न भरलेले क्षक्ष भरायचं काम मात्र सुट्टीसाठी राखून ठेवा, त्याला डोकं कमी आणि सलग वेळ जास्त लागतो.

सकाळचं असं : रात्री जेवणानंतर फक्त दहा मिनिटं, उद्याचा प्रश्न निवडायचा आणि तीन मुलाखतींची पानं वर काढून ठेवायची. सकाळी साडेपाच ते सव्वासहा लिखाण. तेही जमत नसेल तर कॉलेजात मोकळा तास शोधा, पण स्टाफरूममध्ये बसू नका. ग्रंथालयात, वायफाय बंद करून. आठवड्यातून तीन दिवस मिळाले तर कोटा 500 धरा, हिशोब तोच राहतो.