आपत्कालीन यादीत गल्लीच्या पंचांची नावे का हवीत : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

सचिव, फ्लॅट १०२
सर्व सभासदांना नमस्कार. वार्षिक सभेत ठरल्याप्रमाणे, पुन्हा करोनासारखी साथ आल्यास कोणाकोणाशी संपर्क साधायचा याची यादी तयार केली आहे. तीत महापालिकेचे आरोग्य केंद्र, रुग्णवाहिका, दोन डॉक्टर आणि औषधाचे दुकान आहे. फ्लॅट ३०१ च्या गुरुजींनी शेजारच्या जुन्या गल्लीतील पंचांची आणि देवस्थान कमिटीचीही नावे घालावीत असे सुचवले आहे. यादी वैद्यकीय असल्यामुळे त्यामागचे प्रयोजन मला समजले नाही. गुरुजी, कृपया सविस्तर लिहावे.

गुरुजी, फ्लॅट ३०१
सचिव साहेब, आपली शंका रास्त आहे. मी जे पाहिले आणि ऐकले तेच लिहितो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मी आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील आमच्या गावी अडकलो आणि पुढचे अडीच महिने तिथेच होतो. पंचायतीच्या फलकावर सरकारी सूचना लागल्या, पण त्या कन्नडमध्ये होत्या, आणि आमच्या गावातील साठीच्या पुढच्या बायाबापड्यांना त्यातले एक अक्षरही लागत नव्हते. पंच देवळाच्या मंडपात अंतर राखून बसले, शिकलेल्या मुलाकडून सूचना वाचून घेतली आणि त्याच संध्याकाळी गल्लोगल्ली मराठीत दवंडी दिली. मुंबई, पुणे आणि गोव्याहून पोरे परतू लागली, त्यांची सोय शाळेत झाली. त्यांच्या जेवणाचे काय करायचे, हा प्रश्न पंचांनी जत्रेच्या वर्गणीची वही काढून सोडवला. त्या वहीत गावातील प्रत्येक घर, घरातील माणसे आणि कोणाची ऐपत किती हे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेले असते, त्यामुळे कोणत्या दिवशी कोणत्या घरातून भाकरी जायची आणि कोणत्या घराकडून काहीच मागायचे नाही, हे तासाभरात ठरले. इतकी बिनचूक यादी कोणत्याही कार्यालयाकडे असेल असे मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट वार पाळणुकीची. आपल्या भागात साथ आली की ठरावीक वारी शेतात जायचे नाही, गिरणी आणि दुकान बंद ठेवायचे, परगावच्या माणसाला गावात घ्यायचे नाही, ही जुनी रीत आहे. तिला देवीचे नाव असले तरी माणसांची येजा थांबवणे हेच तिचे प्रत्यक्ष काम असते. म्हणून घरात थांबा हा आदेश गावाला परका वाटला नाही.

मार्च २०२१ मध्ये साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली आणि इंजेक्शन घेतलेला माणूस मरतो अशी बोलवा उठली. आशा कार्यकर्तीला लोक दारातूनच परत पाठवू लागले. तेव्हा पंचांपैकी सर्वांत वडीलधाऱ्यांनी आणि पुजाऱ्यांनी पहिल्या दिवशी लस घेतली, आणि पुढचे तीन दिवस ते दोघे सकाळ-संध्याकाळ देवळाच्या कट्ट्यावर बसून राहिले, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यांना जिवंत पाहावे. चौथ्या दिवसापासून लोक आपणहून येऊ लागले, हे त्या आशाताईंनीच मला फोनवर सांगितले.

वहिनी, फ्लॅट २०४
गुरुजी, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून लिहिते. मी परिचारिका आहे आणि ती दोन वर्षे मी वॉर्डात काढली. ज्या पंचांनी भाकरी पोहोचवली, तशाच पंचांनी दुसऱ्या एका गावाचा रस्ता काटेरी फांद्या आणि मातीचा ढीग टाकून बंद केला होता. त्या गावची बाळंतीण कळा येत असताना अर्धा मैल चालत रुग्णवाहिकेपर्यंत आली, आणि तिला आत घेणारी मीच होते. पुण्याहून आलेल्या एका कुटुंबाला सार्वजनिक नळावर पाणी भरू दिले नाही, तोही पंचांचाच निर्णय होता. त्या बैठकीत एकही बाई नव्हती. असती, तर पाण्याचा प्रश्न आधी निघाला असता.

शिवाय मे २०२१ मध्ये, दुसरी लाट ऐन भरात असताना, आपल्याच जिल्ह्यातील गोकाक तालुक्यात एका मठाचा घोडा मेला आणि टाळेबंदी असूनही त्याच्या अंत्ययात्रेला शेकडो लोक जमले. नंतर प्रशासनाला ते गाव सील करावे लागले. श्रद्धास्थानाच्या शब्दावर लोक घरात बसतात, तसे त्याच्या ओढीने गर्दीही करतात.

गुरुजी, फ्लॅट ३०१
वहिनी, आपले एकही वाक्य मी खोडणार नाही. बाळंतिणीची हकिगत वाचून मला फार वाईट वाटले. पण पंचांचा शब्द चालतो, हे आपल्या उदाहरणांतूनही दिसतेच. तो शब्द डॉक्टरांशी आधी जोडून घ्यायचा की वाऱ्यावर सोडायचा, एवढाच माझा प्रश्न आहे.

नुसत्या बळाने काय होते ते आपल्या लोकांनी १८९७ मध्ये पुण्यात पाहिले. प्लेगचे रोगी शोधायला सैनिक घराघरांत, देवघरापर्यंत शिरले, लोक रोगी लपवू लागले, आणि २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. रोगी शोधणे आवश्यकच होते, पण घरच्यांना विश्वासात घेणेही तितकेच आवश्यक होते.

याच्या उलट उदाहरण पश्चिम आफ्रिकेतले आहे. २०१४ ते २०१६ या काळात तिथे इबोलाने ११,००० हून अधिक माणसे नेली. मृतदेहाला स्नान घालण्याच्या रिवाजातून रोग पसरत होता, आणि पांढऱ्या पोशाखातील पथके प्रेत उचलून नेत म्हणून लोक त्यांना घाबरत, मृत्यू लपवत. गिनी देशातील एका गावात तर सप्टेंबर २०१४ मध्ये रोगाची माहिती द्यायला आलेल्या पथकातील आठ जणांना लोकांनी ठार मारले. सिएरा लिओनमध्ये प्रत्येक परगण्याचा एक मुख्य सरदार असतो. तो ठरावीक घराण्यांतून निवडला जातो आणि तहहयात राहतो. या सरदारांनी आजारी माणूस लपवण्याला आणि परस्पर दफन करण्याला दंड लावला. पण माझ्या मते दंडाइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची ठरली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ख्रिस्ती आणि मुस्लीम धर्मसंस्थांशी बोलून दफनाची नवी पद्धत ठरवली, तीत घरच्यांना अंतरावरून पाहण्याची, प्रार्थना करण्याची आणि कबरीवर नाव लावण्याची मुभा होती. प्रेताला हात लावायचा नाही हा नियम कायम राहिला, आणि माणसाला निरोपही देता आला.

नायजेरियातही असेच घडले. २००३ मध्ये उत्तरेकडील कानोसारख्या राज्यांत पोलिओ डोसावर बहिष्कार पडला, कारण त्याने मुले वंध्य होतात अशी अफवा होती. पुढे सोकोटोच्या सुलतानांसह तिथले पारंपरिक प्रमुख लसीच्या बाजूने उभे राहिले, आणि ऑगस्ट २०२० मध्ये आफ्रिका खंड मूळ पोलिओ विषाणूपासून मुक्त जाहीर झाला. हे एकट्या सुलतानांचे काम नव्हते, दारोदार फिरणाऱ्या हजारो स्त्रियांचे होते. पण दार उघडायला सुलतानांचा शब्द लागला.

फ्लॅट ४०३
काका, एक विचारतो. गावात पंचांना मान आहे, हे मान्य. पण आपल्या इमारतीत कोणी चिकोडीचे, कोणी चंदगडचे, तीन घरे कन्नड बोलणारी आहेत. गावकीची वंशपरंपरागत वतनेही १९६१ च्या कायद्याने गेली. शेजारच्या गल्लीतील पंचांचा आपल्यावर अधिकार कसा काय चालेल?

गुरुजी, फ्लॅट ३०१
बाळ, आपल्यावर त्यांचा अधिकार चालावा असे माझे म्हणणेच नाही. आपल्याकडे धुणी-भांडी करणाऱ्या मावशी, दूधवाले, भाजीवाले आणि रात्रीचे रखवालदार त्याच गल्लीतून येतात. रोग आपल्या फाटकापाशी थांबत नाही. २०२० मध्ये आपण फाटक बंद करून मावशींना येऊ नका म्हणून सांगितले, पण त्यांच्या घरी त्या महिन्यात चूल कशी पेटली हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? मीही परत आल्यावर विचारले नव्हते. ते काम गल्लीच्या पंचांनी आणि तरुण मंडळाने केले. वतन गेले आणि कायद्याचे बळही गेले. आता उद्या सकाळी त्याच लोकांना तोंड दाखवायचे आहे, एवढेच त्यांच्या शब्दामागचे बळ उरले आहे.

वहिनी, फ्लॅट २०४
असे असेल तर माझा विरोध नाही, परंतु अटी लिहून ठेवाव्यात. पंचांनी औषध, उतारा किंवा अंगारा सुचवू नये. रोगाची माहिती आरोग्य केंद्राकडूनच यावी. रस्ता कोणत्याही कारणाने बंद करू नये, निदान रुग्णवाहिकेपुरता मोकळा असावा. ज्याला घरात थांबायला सांगितले, त्याच्या दारात शिधा आणि पाणी त्याच दिवशी पोहोचावे, कारण उपाशी माणूस कोणाचेही ऐकत नाही. आणि पंचांसोबत गल्लीच्या आशाताई व महिला बचत गटातील एक जण बसावी, तिला बोलू द्यावे.

सचिव, फ्लॅट १०२
वहिनींच्या अटींसह पंचांची नावे यादीत घेत आहे. सूचना मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लावू. कन्नडचे काम फ्लॅट ४०१ कडे दिले आहे. रविवारी सकाळी दहा वाजता गुरुजी, वहिनी आणि मी पंचांना भेटायला जाणार आहोत.

गुरुजी, फ्लॅट ३०१
मी येतो. जाण्यापूर्वी आशाताईंना वेळ सोयीची आहे का ते विचारावे, रविवारी सकाळी त्या बहुधा फिरतीवर असतात. त्यांना जमत नसेल तर बैठक संध्याकाळी घेऊ.