जरीपटक्यात की जरीपटकामध्ये? मराठी लिखाणाच्या शिकवणीत चॅटबॉट वापरावा का

शून्य मैल
भांडायला नाही, खरंच मत हवंय म्हणून धागा काढतेय. नागपुरात जरीपटक्याला माझी घरगुती शिकवणी आहे, सहावी ते नववीची १७ मुलं, बहुतेक सिंधी नाहीतर हिंदी बोलणाऱ्या घरातली, सगळी सीबीएसईची. २०२० च्या कायद्यानं सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली तेव्हापासून आया येतात आणि म्हणतात "मॅडम, समझ तो लेता है, बस लिखना सिखा दो".

मागच्या जूनपासून मी चॅटबॉट वापरते. मुलांच्या हातात देत नाही, मी वापरते. वहीतली आठ-दहा वाक्यं नाव न टाकता टाइप करायची आणि त्याला बजावायचं की दुरुस्त करू नकोस, चूक कोणत्या जातीची आहे तेवढं सांग आणि त्याच जातीवर सहा नवी वाक्यं दे. एकानं लिहिलं होतं, "माझा घर जरीपटकामध्ये आहे, माझ्या काकाची दुकान पण तिथे आहे". हिंदीत घर पुल्लिंगी, दुकान स्त्रीलिंगी, आपल्याकडे दोन्ही नपुंसक, म्हणजे पोरगं चुकत नाहीये, ते हिंदी बरोबर लिहितंय फक्त मराठी शब्द वापरून. त्याला घर, दुकान, पुस्तक, आवाज, चहा अशी चिठ्ठी मिळाली. त्याच्या शेजारी बसणारीला लिंग जमतं पण सामान्यरूप (प्रत्ययाआधी 'जरीपटका'चं 'जरीपटक्या' होतं ते) अजिबात नाही, तिला सक्करदरा, मानेवाडा, महाल, इतवारी यांना 'त' लावायला दिला. पूर्वी सतरा जणांना फळ्यावर एकच व्यायाम द्यायचे आणि निम्मी पोरं जांभया द्यायची. आता प्रत्येकाच्या हातात आपापली चिठ्ठी असते, मला रात्री अर्धा तास लागतो. यात वाईट काय ते सांगा, कारण ओळखीच्या दोन शिक्षिकांनी तोंडं वाकडी केलीत.

ऱ्हस्वदीर्घ
ताई, वाईट काय ते सांगतो. ३४ वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे म्हातारा नवीन गोष्टींना नाकं मुरडतो असं म्हणाल तर म्हणा. तुम्ही वाक्य टाइप करता तेव्हा वही मागे राहते. पोरानं 'शाळा' लिहिताना आधी ल काढला, खोडला, ळ काढला, पुन्हा खोडला, कागदाला भोक पडलं आणि शेवटी ल च ठेवला, तर त्याला शंका आली होती, म्हणजे त्याला अर्धं कळलेलं आहे. दुसऱ्यानं बिनधास्त एका झटक्यात 'शाला' लिहिलं. तुमच्या यंत्रापुढे दोघांचं वाक्य सारखंच जाणार, दोघांना सारखीच चिठ्ठी येणार. खोडरबराची खूण टाइप होते का? आणि हे ओळखायचं काम एकदा बाहेर दिलं की आपलीच नजर जाते, ते पहिलं नुकसान.

मिहानचा कूलर
सर, मुद्दा भारी आहे पण सतरा वह्यांची गोष्ट सतरा वह्यांचीच राहू द्या. शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूमचा १९८४ चा पेपर आहे, एकाला एक शिकवणी मिळालेली मुलं वर्गातल्या सरासरी मुलाच्या फार पुढे जातात, आणि त्याचाच प्रश्न होता की एवढे मास्तर आणायचे कुठून. (आकडे त्यानं जरा जास्तच गोड सांगितले असं नंतरचे लोक म्हणतात, पण प्रश्न खरा आहे.) ताई एकट्या आहेत, अर्ध्या तासात सतरा चिठ्ठ्या होतात, अजून काय पाहिजे.

माझं काम याच्याच आसपासचं आहे म्हणून एक इशारा मात्र देतो. या मॉडेलनं इंग्रजी समुद्राएवढं वाचलंय आणि मराठी तलावाएवढं, त्यातही बातम्या, सरकारी मजकूर, भाषांतरं असलंच जास्त. त्यामुळे ते मराठी बोलतं ते निवेदनासारखं. व्याकरणात चुकतं तेव्हासुद्धा इतक्या आत्मविश्वासानं चुकतं की आपल्यालाच वाटतं आपण चुकलो.

शून्य मैल
चुकतं ना! मागच्या महिन्यात उत्तरांच्या यादीत 'धरमपेठात' आलं होतं. धरमपेठेत! मी छापायच्या आधी बघितलं म्हणून वाचलं.

ऱ्हस्वदीर्घ
तुम्ही बघितलं कारण तुम्हाला येतं. ज्याला येत नाही तो काय बघणार?

तर्री जास्त
मी तर म्हणतो चुकीचं सोडा, बरोबर काय ते तरी कोणाचं बरोबर? माह्या पुतण्यानं निबंधात लिहिलं 'बाबा गाडी धुऊन राहिले होते' तं त्या मशीननं लाल केलं, म्हणे 'धूत होते' लिहा. काहून भाऊ? अख्खं नागपूर करून राहिलं, येऊन राहिलं म्हणते, आमचा आजा म्हणत होता, आमचे पोट्टे म्हणतात. १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो, राजधानी होती नागपूर, हिंदी मराठी एकाच ताटात जेवली इथं. ते बिघडलेलं मराठी नाही, ते इथलं मराठी आहे. आता पोट्ट्याले बापाच्या बोलीची लाज वाटाले लागली तं तुमची पर्सनल चिठ्ठी घेऊन काय करू?

मानेवाड्याची माई
मी शिक्षिका नाही, आई आहे. माझा मुलगा आठवीत, घरी मराठीच बोलतो तरी लिहायचा कंटाळा. त्याच्याकडे फोन आल्यापासून निबंध असे सुंदर यायला लागले की मला संशय आला. आमच्या घरी उन्हाळ्यात कूलरची खस बदलायचं काम त्याचं, त्यावर त्यानं आधी स्वतः लिहिलं होतं, "नवीन खस लावली की दोन दिवस घरभर ओल्या मातीचा वास येते आणि कूलरचा घर्रर्र आवाज पण बरा वाटते". तेच फोनमधून आलं ते असं, "रखरखीत उन्हाळ्यात वाळ्याचा मंद सुगंध मनाला प्रसन्नता देतो". आणि त्याला दुसरंच आवडलं! म्हणतो आई मार्क यालाच मिळतात. मिळाले पण. मग मी कोणत्या तोंडानं सांगू.

भाषेचं खूळ
इथे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी होतेय असं वाटतं. माईंचा मुलगा यंत्राकडून लिहून घेतोय, शून्य मैल ताई यंत्राकडून प्रश्न काढून घेतायत. तुर्कस्तानात हायस्कूलच्या साधारण हजार मुलांवर गणिताचा एक प्रयोग झाला होता, २०२४ मध्ये त्याचा अहवाल आला. ज्यांना साधा चॅटबॉट दिला त्यांचे सरावातले मार्क ४८ टक्क्यांनी वाढले, पण तो काढून घेऊन परीक्षा घेतली तर ज्यांना कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा ती मुलं १७ टक्क्यांनी मागे. दुसऱ्या गटाला शिक्षकांनी आखून दिलेला, उत्तर न देता फक्त इशारे देणारा बॉट होता, त्यांचं हे नुकसान जवळपास झालं नाही. गणित आणि लिखाण एक नाही हे मान्य, पण कॉपी कशी आत शिरते ते दिसतं.

आणि दुरुस्तीबद्दल म्हणाल तर लाल पेनवाल्यांनीही फार खूश होऊ नये. १९९६ मध्ये भाषाशिक्षणाचे अभ्यासक जॉन ट्रस्कॉट यांनी सरळ लिहिलं की दुसरी भाषा शिकणाऱ्यांच्या लिखाणातलं व्याकरण दुरुस्त करणं निरुपयोगी आहे, उलट नुकसानच होतं, बंद करा. १९९९ मध्ये डेना फेरिस यांनी उत्तर दिलं की सरसकट असं म्हणू नका, निवडक आणि स्पष्ट दुरुस्ती कामाची असते. ते भांडण अजून चालूच आहे. माझ्या मते ताईंची 'एका वेळी एकच चूक' ही पद्धत फेरिसबाईंच्या बाजूची आहे, आणि ती चॅटबॉटशिवायही करता येते, फक्त झोप कमी मिळते.

ऱ्हस्वदीर्घ
मी तेच करायचो. वहीत एका आठवड्याला एकच गोष्ट बघायची, या आठवड्यात फक्त शेवटचा इकार-उकार. हिंदीवाली पोरं कवि, गुरु लिहितात, आपल्याकडे १९६२ च्या नियमांप्रमाणे कवी, गुरू. बाकी चुका दिसल्या तरी डोळे मिटायचे. बायको म्हणायची पंधरवड्याचं दळण आणलंय घरी. असो.

पण माईंच्या मुलाच्या वाक्याबद्दल कोणीच बोलत नाहीये. 'वास येते' ला 'वास येतो' करा, 'बरा वाटते' ला 'बरा वाटतो' करा आणि हात लावू नका, एवढंच त्याला हवं होतं. त्या घर्रर्र साठी मी माझ्या काळात अर्धा मार्क जास्त दिला असता.

मिहानचा कूलर
सर, तसं सांगितलं तर ते तसंही करतं. मी आत्ताच करून बघितलं, माई माफ करा, तुमच्या मुलाचं वाक्य टाकलं आणि म्हटलं फक्त क्रियापदाचा मेळ बघ, बाकी शब्द बदललास तर खबरदार. दोन्ही क्रियापदं बरोबर पकडली, घर्रर्र ठेवला. मात्र शेवटी 'आपले लेखन अतिशय संवेदनशील आहे' असं शेपूट लावलंच.

मानेवाड्याची माई
माफ बिफ काही नाही. पण आठवीतला मुलगा खबरदार म्हणणार आहे का त्याला? तो म्हणतो 'छान करून दे'.

शून्य मैल
माई, म्हणूनच मी मुलांच्या हातात देत नाही. तसंही त्यातल्या काही कंपन्यांच्याच अटींत तेराच्या खाली नको आणि अठरापर्यंत पालकांची परवानगी असं असतं, कोणी वाचत नाही ते सोडा.

सर, तुमची खोडरबराची गोष्ट लागली मला. काल वह्या परत काढल्या आणि खरंच, एका मुलीनं 'मानेवाड्यात' आधी बरोबर लिहून मग खोडून 'मानेवाडामध्ये' केलंय. म्हणजे तिला कानानं येत होतं, तिचा स्वतःवर विश्वास नव्हता. मी तिला सामान्यरूपाच्या सहा चिठ्ठ्या दिल्यात आजवर. सहा! आता टाइप करायच्या आधी वहीत जिथे खाडाखोड आहे तिथे पेन्सिलनं गोल करायचा असं ठरवलंय. चिठ्ठ्या मात्र बंद करणार नाही, ते नका सांगू.

तर्री जास्त
ताई त्या जागांच्या चिठ्ठीत सीताबर्डी होती का? मी आता टाकून पाहिलं 'मी बर्डीवर गेलो होतो', तं म्हणे चूक आहे, 'सीताबर्डीत' लिहा. अबे बर्डीत कोण जाते? टेकडी हाय ते, आपण बर्डीवरच जातो. महालात जातो, इतवारीत जातो, अन् बर्डीवर जातो.

शून्य मैल
होती. एकानं 'बर्डीवर' लिहिलं आणि उत्तरांच्या यादीत 'सीताबर्डीत' होतं म्हणून मी गेल्या मंगळवारी फुली मारली त्याच्या वहीत. मी. नागपूरची. उद्या खोडते.

ऱ्हस्वदीर्घ
शाईची फुली खोडून जात नाही ताई. शेजारी बरोबरची खूण करा आणि सही करा, पोरं तेवढं बघतात.