ऐकू येतं पण कळत नाही. कानाचं मशीन सांगली-मिरजेत कुठं चांगलं मिळेल?

तासगाव_बेदाणा:
नमस्कार, घाईत लिहितेय. मुलगा वर्गात हाक मारली तरी वळत नाही, बाईंनी डायरीत लिहून पाठवलं की कान तपासा. तपासले, ऑडिओमेट्री (आवाज ऐकवून करतात ती टेस्ट) नॉर्मल, म्हणून बेरा (कानाच्या नसेची टेस्ट) केली तीपण नॉर्मल. घरी पाट आण म्हटलं की ताट आणतो, आणि मिक्सर नाहीतर टीव्ही चालू असला की सारखं काय? काय? सासरे म्हणतात मशीन लावून टाका. कुठलं चांगलं, कितीपर्यंत जातं? शनिवारी मिरजेला जायचंय, लवकर सांगा.

हळदपावडर:
वय काय पोराचं? सर्दी असते का सारखी? माझ्या पुतण्याचं सेम होतं, पडद्यामागं पाणी साचलेलं, नाकामागची गाठ काढली आणि पोरगं टकाटक ऐकायला लागलं. आधी ते बघा.

मिरजमेल:
ओ हळद, पाणी असतं तर ऑडिओमेट्रीत दिसलं असतं की. रिपोर्ट नॉर्मल लिहिलंय त्यांनी.

हळदपावडर:
पाणी कमीजास्त होतं राव, त्या दिवशी नसेल.

तासगाव_बेदाणा:
आठ पूर्ण. सर्दी नाही, कान स्वच्छ आहेत. बाकी काहीच त्रास नाही, फक्त फिटचं सिरप चालू आहे ते नेहमीचं. मशीनचं सांगा ना कुणीतरी.

सोनार_टोचे:
थांबा ताई. फिटचं सिरप? कान तपासणाऱ्यांना हे सांगितलंत का? फिट कशी येते, कधी येते, आणि ईईजी, म्हणजे मेंदूच्या विजेचा आलेख, जागेपणी काढलेला की झोपेत?

तासगाव_बेदाणा:
त्यांनी विचारलंच नाही. रात्री झोप लागली की थोड्या वेळानं येते, तोंडाची एक बाजू उडते, लाळ गळते, शुद्धीवर असतो पण बोलता येत नाही. डॉक्टर म्हणाले मोठा झाला की जाईल. ईईजी पहिलीत असताना जागेपणीच काढलेला. पण फिटचा आणि कानाचा काय संबंध??

सोनार_टोचे:
संबंध आहे. मी साताऱ्यात ऑडिओलॉजीत, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीतच काम करते. बेरा कानापासून मेंदूच्या देठापर्यंतचा रस्ता तपासते. पुढं कानशिलाच्या आत, टेम्पोरल लोबमध्ये, प आणि त वेगळे ओळखणं, मिक्सरच्या आवाजातून आईचा आवाज निवडणं हे काम चालतं, ते या टेस्टमध्ये येतच नाही. तुम्ही सांगताय ती लक्षणं रोलँडिक फिटची वाटतात, ठरवायचं मात्र तुमच्या डॉक्टरांनी. त्यात मेंदूच्या विजेचे झटके नेमके याच भागाच्या आसपास उठतात आणि झोपेत वाढतात, फिट दिसली नाही तरी. अशा काही मुलांना गोंगाटात बोललेलं किंवा दोन कानांत एकाच वेळी दोन वेगळे शब्द ऐकवले तर पकडता येत नाहीत, साध्या ऑडिओमेट्रीत मात्र पास. मशीन आवाज मोठा करतं, स्पष्ट करत नाही, त्यामुळे ते घेऊ नका. न्यूरोच्या डॉक्टरांना झोपेतल्या ईईजीबद्दल विचारा, आणि सेंट्रल ऑडिटरी प्रोसेसिंगची, म्हणजे ऐकलेलं मेंदू कसं ओळखतो याची टेस्ट होते का ते बघा. सात वर्षांच्या आत ती भरवशाची नसते, तुमचा आता आठचा आहे, त्याची होऊ शकते.

कंदीपेढा:
उगाच घाबरवू नका बाईंना. माझ्या मुलीला हीच फिट होती, कराडला दाखवलं, तेराव्या वर्षी औषध बंद, आता अकरावीला आहे, ऐकण्याबिकण्याचं काही नव्हतं.

सोनार_टोचे:
चांगलंच झालं की. पण सगळ्यांचं सारखं नसतं. फिट बऱ्या होतात हे खरं, पण ज्या वर्षांत चालू असतात तीच वर्षं वाचायला-लिहायला शिकायची असतात. ताई, बोलणं कमी झालंय का? आधी येणारे शब्द गेलेत असं काही? तसं असेल तर शनिवारची वाट नका बघू. लँडाऊ-क्लेफनर म्हणून फिटच्या आजाराचा एक प्रकार आहे, १९५७ साली पहिल्यांदा लिहिला गेला, त्यात कान ठणठणीत असून मुलाला बोललेलं कळेनासं होतं, घरचे बहिरा समजतात, आणि काहींना दिसणारी फिट येतच नाही. तो दुर्मिळ आहे, पण विचारून ठेवायला हवं.

तासगाव_बेदाणा:
नाही नाही, बोलतो भरपूर. श्रुतलेखनात मार्क जातात, बघून लिहायला दिलं तर सगळं बरोबर.

मिरजमेल:
ताई, तंबोऱ्यासमोर बसवा रोज. आमच्या मिरजेचा तंबोरा, २०२४ ला जीआय टॅगपण मिळालाय, अब्दुल करीम खाँसाहेब इथंच राहिले. सूर कानात बसला की मेंदू सरळ होतो.

कंदीपेढा:
आणि गणपतीत मिरवणुकीला डॉल्बी लावता तेव्हा कुठं जातो तुमचा सूर?

मिरजमेल:
डॉल्बी काय आम्ही लावतो होय? साताऱ्यात काय शांतता असते का ओ?

वाई_घाट:
यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी कार्ड काढून घ्या, ऑनलाइन फॉर्म भरता येतो. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, शिकण्यातली अक्षमता त्यात येते, परीक्षेत जादा वेळ मिळतो.

तासगाव_बेदाणा:
कार्डाचं कुणी विचारलंय? बरं, झोपेतला ईईजी कसा करतात, दुपारी तो झोपतच नाही. आणि सिरपनंच असं होतंय का, बंद करून बघू का?

सोनार_टोचे:
सिरप अजिबात बंद करू नका, अचानक थांबवलं तर फिट वाढतात. आणि मनानं बदलूही नका, काही औषधांनी झोपेतले झटके उलट वाढू शकतात. ते डॉक्टरांशीच बोला, श्रुतलेखनाची वही घेऊन जा. ईईजीसाठी बहुतेक आदल्या रात्री उशिरा झोपवायला आणि पहाटे उठवायला सांगतात, किती जागवायचं ते त्यांनाच विचारा. डोकं धुऊन न्या, तेल नको. तोवर बाईंना सांगा पहिल्या बाकावर बसवा, पंख्याखाली नको, आणि एका वेळी एकच गोष्ट सांगा, तोंडाकडे बघून.

हळदपावडर:
ईईजी काढताय तर नाकामागची गाठपण एकदा बघून घ्या, मिरजेला चाललायच तर.

तासगाव_बेदाणा:
बघते. डोकं शिकेकाईनं धुतलं तर चालेल का, शाम्पूच पाहिजे?