मदत हवी आहे : गॅसवर ज्वारीची भाकरी फुगत नाही

सोलापुरात सात रस्त्याजवळ एकटा राहू लागल्यापासून, गेले दोन महिने, मी गॅसवरचा स्वयंपाक शिकत आहे. वरण, भात आणि पिठले आता बऱ्यापैकी जमते. घोडे अडले आहे ते भाकरीपाशी. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी गिरणीतून दळून आणतो आणि ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसल्यामुळे पीठ उकळत्या पाण्यातच भिजवून, कोमट झाल्यावर तळहाताने रगडून मळतो. तरीही थापताना कडा चिरतात आणि तव्यावर टाकून वरून पाणी फिरवले की मधोमध पांढरट ओलसर डाग तसाच राहतो. आच मोठी ठेवली तर खालची बाजू करपते, मंद केली तर भाकरी वातड होते. (परवाची तर शेंगाचटणीनेही वाचवली नाही.)

लोखंडी तवा पुरेसा तापला हे कसे ओळखावे, पाणी नेमके केव्हा फिरवावे आणि दुसरी बाजू भाजल्यावर भाकरी थेट ज्योतीवर शेकावी की तव्यावरच, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. पीठ दळून १५ दिवस झाले आहेत. कडा चिरण्याचा दोष त्या शिळ्या पिठाचा तर नसेल ना?