मालक बदलला, पाण्याचा हिशोब कोण बदलणार?

शिवारकर:
नफेखोरीला पर्याय काय, असं विचारलं की आपल्याकडे पहिलं उत्तर येतं सहकार. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी 1950 च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, शेतकरी मालक झाला. त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण उसाचं गाळप वाढवायची घाई सहकारातही तीच राहिली. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, आणि मराठवाड्यात ऊस उभा होताच. मला पर्याय दिसतो तो नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावात. पावसाळा सरला की किती पाऊस पडला, विहिरींत किती पाणी आहे, हे ग्रामसभेत मांडतात. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं, मग शेतीचं. उरलेल्या पाण्यात बसेल तेच रब्बीला. ऊस बंद, शेतीसाठी बोअरही बंद.

दोन एकरवाला:
दादा, माझा ऊसच आहे. हौसेनं नाही लावला. गेल्या साली कांदा केला, मार्केटात नेला, विक्रीच्या हिशोबाची पट्टी हातात आली तेव्हा गोणी आणि गाडीभाडंसुद्धा निघालं नव्हतं. उसाला एफआरपी आहे, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, 14 दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे. बिल लांबतं, पण येतं. ज्वारीचा हमीभाव जाहीर होतो, पण आमच्याकडे खरेदीचा काटा लागत नाही. पाणी वाचवायचं ते मी एकट्यानं घाटा सोसून का? आणि हिवरे बाजार घडवणाऱ्या पोपटराव पवारांसारखा माणूस गावोगाव कुठून आणायचा?

रानवाट:
कांद्याचं तुमचं म्हणणं खरं आहे, भाऊ. पण सगळं एका माणसावर टाकू नका. तिथं गावानं चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली, श्रमदानानं चर खणले. गवत वाढलं, दूध वाढलं. हातात दुधाचा पैसा आला म्हणून ऊस नको म्हणणं पेललं. सरकारनं ज्वारी-तुरीची खरेदी उसासारखी पक्की केली तर तुम्ही सोडाल ना?

दोन एकरवाला:
ताई, अर्धा एकर उद्या सोडतो. विहिरी मोजायलाही येतो, टेप माझ्याकडे आहे. पण आमच्या गावानं बोअर बंद केले आणि ओढ्यापलीकडच्या गावानं पाचशे फूट खाली नेले, तर? भुईतलं पाणी गावाची शीव बघत नाही.

शिवारकर:
हे मी धरलंच नव्हतं. मग हिशोब एका गावाचा नाही, अख्ख्या पाणलोटाचा मांडावा लागेल. ओढ्यापलीकडच्या ग्रामसभेशी बोलायला कोण कोण येतं?